खगोलशास्त्राची आपली समज खरोखर किती? घरच्या घरी तपासण्याची पद्धत

चंद्राच्या कला कशामुळे दिसतात? कोणत्याही प्रश्नमंजूषेत हा प्रश्न सोप्या गटात टाकलेला असतो. तरीही ‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून’ हे उत्तर चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडूनही वारंवार ऐकू येतं. त्याच माणसांना आठ ग्रहांची नावं क्रमाने येत असतात, प्रकाशाचा वेगही पाठ असतो. नावं डोक्यात पक्की बसलेली असतात, पण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एकमेकांपासून कुठे आहेत आणि उजेड कुठल्या बाजूने येतो, याचं चित्र डोळ्यांपुढे नसतं.

म्हणून खगोलशास्त्राचं सामान्यज्ञान जोखायचं तर ‘सर्वांत मोठा ग्रह कोणता’ एवढ्यावर थांबून चालत नाही. चित्र काढायला लावणारे, पुढे काय घडेल याचा अंदाज बांधायला लावणारे आणि ‘हे कशावरून?’ असं विचारणारे प्रश्न हवेत. खालची पद्धत तशीच आहे. ती एकट्याने वापरता येते, मुलांबरोबर किंवा मित्रांच्या गटातही वापरता येते. पहिल्या पाच पायऱ्या एका निवांत बैठकीत होतात. सहावीसाठी मोकळं आकाश आणि काही रात्री लागतात.

पायरी १ : तयारी आणि खात्रीची खूण

कोरे कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक उत्तरापुढे तीनपैकी एक खूण करा : खात्री असेल तर ‘ख’, अंदाज असेल तर ‘अं’ आणि माहीतच नसेल तर ‘ना’. ही खूण उत्तर तपासण्याआधीच करायची.

हा खटाटोप अनावश्यक वाटेल, पण माझ्या मते सगळ्या चाचणीत सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट हीच आहे. ‘ना’ लिहिलेली जागा नुसती रिकामी असते. ती वाचनाने भरता येते. ‘ख’ लिहून चुकलेलं उत्तर मात्र सांगतं की तिथे एक चुकीचं चित्र आधीच ठाण मांडून बसलं आहे. ते हटवल्याशिवाय नवी माहिती तिथे टिकत नाही.

पायरी २ : आठवणीतून तीन चित्रं

पहिलं चित्र पृथ्वी आणि चंद्राचं. कागदाच्या एका टोकाला ५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. ही पृथ्वी. आता चंद्र किती मोठा काढाल आणि किती अंतरावर? आधी काढा, मगच पुढे वाचा.

पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४ किलोमीटर आणि दोघांमधलं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. म्हणजे तुमच्या कागदावर चंद्र हा जेमतेम दीड मिलिमीटरचा ठिपका हवा आणि तो पृथ्वीपासून १५ सेंटिमीटर दूर हवा. मधल्या जागेत जवळजवळ ३० पृथ्वी ओळीने मावतात. बहुतेकांचा चंद्र दोन-तीन सेंटिमीटरवर येतो, कारण छापील आकृत्यांमध्ये जागा वाचवण्यासाठी तो तिथेच काढलेला असतो.

हेच माप पुढे न्या. सूर्य सुमारे ५५ सेंटिमीटर व्यासाचा होईल आणि ५९ मीटर अंतरावर ठेवावा लागेल. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. या मापाने तो सुमारे १५,७०० किलोमीटरवर जाईल. पृथ्वीचा स्वतःचा व्यासच त्याहून कमी आहे. म्हणजे पृथ्वीला ५ मिलिमीटरचा ठिपका केलं, तरी शेजारच्या ताऱ्यापर्यंतची सरळ रेघ खऱ्या पृथ्वीच्या व्यासातही मावत नाही. अंतरांचा अंदाज येण्यासाठी मला याहून चांगला मार्ग माहीत नाही.

या चित्राचा आणखी एक उपयोग आहे. दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, हे त्यावरच समजतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. तुमच्या कागदावर याचा अर्थ असा, की चंद्र सरळ रेषेच्या १३ मिलिमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. तेवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी मात्र साडेतीन मिलिमीटरच्या आसपासच असते. बहुतेक महिन्यांत चंद्र त्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. पृथ्वी-चंद्र अगदी चिकटून काढलेल्या आकृतीत हे कधीच पटत नाही.

दुसरं चित्र पृथ्वीच्या कक्षेचं. सूर्याभोवती पृथ्वी कशी फिरते ते वरून पाहिल्यासारखं काढा आणि उन्हाळा-हिवाळा कुठे येतात ते लिहा. लांबट अंड्यासारखी कक्षा काढून जवळच्या टोकाला ‘उन्हाळा’ लिहिलं असेल, तर सर्वांत जुना गैरसमज सापडला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे खरी, पण किती? १० सेंटिमीटर त्रिज्येची काढली, तर तिची लांबडी आणि आखूड बाजू यांत मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच फरक येतो. पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते. फक्त सूर्य केंद्रापासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकवावा लागतो.

शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि सर्वांत दूर, १५.२१ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला असते. त्या जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. जो गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो तिथे ऊन अधिक सरळ पडतं आणि दिवस मोठा असतो. उत्तर तपासायला एक उपप्रश्न पुरतो : ऋतू अंतरामुळे होत असते, तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा यायला नको होता का?

तिसरं चित्र चंद्रकलांचं. मधोमध पृथ्वी, उजवीकडून येणारे सूर्यकिरण आणि पृथ्वीभोवती आठ ठिकाणी चंद्र. आठही चंद्रांचा अंधारा भाग पेन्सिलने भरा. बरोबर चित्रात आठही ठिकाणी अगदी एकसारखा, डावीकडचाच अर्धा भाग काळा होतो, कारण सूर्याकडची बाजू नेहमीच उजळलेली असते. कला दिसतात त्या आपण त्या उजळ अर्ध्याला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतो म्हणून. आठ ठिकाणी आठ तऱ्हेने काळं केलं असेल, तर पृथ्वीवरून दिसणारा चंद्र आणि प्रत्यक्षातला चंद्र यांची गल्लत झाली आहे.

पृथ्वीच्या सावलीचं उत्तर इथेच निकालात निघतं. सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते. अष्टमीचा अर्धा चंद्र तर सूर्यापासून ९० अंशांवर असतो. तिथे सावली पोहोचेल कशी? चित्राने समाधान झालं नाही, तर अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा, हातात पांढरा चेंडू धरून हात लांब करा आणि जागेवरच सावकाश गोल फिरा. सगळ्या कला एका फेरीत दिसतात.

पायरी ३ : मोजकेच आकडे, पण क्रमाने

आकड्यांची चाचणी लवकर आटपावी. दशांश चिन्हापुढचे आकडे लक्षात असण्याला फार किंमत नाही. कोणती गोष्ट कोणत्या पातळीवरची आहे, एवढं नक्की हवं. त्यासाठी मी एकच प्रश्न सुचवेन : खालच्या ठिकाणांहून प्रकाश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, ते जवळून दूर अशा क्रमाने लावा.

देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह), नेपच्यून, ध्रुवतारा, चंद्र, आकाशगंगेचं केंद्र, सूर्य, व्याध तारा.

उत्तर : चंद्र १.३ सेकंद, सूर्य ८ मिनिटं २० सेकंद, नेपच्यून सुमारे ४ तास, व्याध ८.६ वर्षं, ध्रुवतारा चारशेहून अधिक वर्षं, आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६ हजार वर्षं, देवयानी सुमारे २५ लाख वर्षं. सेकंद, मिनिटं, तास, वर्षं, हजारो वर्षं, लाखो वर्षं ही शिडी जमली, तर या पायरीत उत्तीर्ण. यात ‘प्रकाशवर्ष’ हे अंतर आहे की काळ, याचीही परीक्षा होऊन जाते. ते अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

याच बैठकीत वयांचा क्रमही विचारून घ्या : विश्व सुमारे १,३८० कोटी वर्षांचं, सूर्य आणि पृथ्वी सुमारे ४६० कोटी वर्षांचे. विश्व आणि पृथ्वी एकाच वेळी जन्मले असं मनात धरून चालणारे बरेच असतात.

पायरी ४ : ‘काय होईल?’ हे प्रश्न

या पायरीवर घाई करू नका. इथे पाठांतराचा उपयोग होत नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा आणि दुसऱ्या वाक्यात कारण लिहा.

सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर आहे, तर तो मावळेल कधी? मध्यरात्रीच्या सुमारास. सूर्यापासून ९० अंशांवर असलेला चंद्र साधारण सहा तासांनी मागून मावळतो. हेच उलट विचारा : पौर्णिमेचा चंद्र कधी उगवतो? सूर्यास्ताच्या सुमारास, कारण तो सूर्याच्या नेमका समोर असतो. ‘मध्यरात्री अमावास्येच्या आदल्या दिवसाची बारीक कोर उगवली’ असं वर्णन कुठे वाचलंत, तर ते चूक आहे हे आता ओळखता यायला हवं.

मध्यरात्री शुक्र डोक्यावर दिसेल का? नाही. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असल्याने आपल्या दृष्टीने तो सूर्यापासून ४७ अंशांहून जास्त दूर जात नाही. म्हणून तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला दिसतो. गुरू मात्र मध्यरात्री डोक्यावर येऊ शकतो. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण ग्रहांचा क्रम पाठ असलेल्या माणसाला तो क्रम वापरायला लावतो.

अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नसतं का? असतं, आणि भरपूर असतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं दोघंही पृथ्वीकडे सतत पडत असतात, पण आडवा वेग ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर असल्याने पडता पडता पृथ्वीला वळसा घालत राहतात. एकत्र पडणाऱ्या गोष्टींना एकमेकांच्या तुलनेत वजन जाणवत नाही.

सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर पृथ्वी त्यात ओढली जाईल का? नाही. अंधार आणि थंडी पडेल, पण कक्षा तीच राहील, कारण ओढ वस्तुमानावर आणि अंतरावर अवलंबून असते. कृष्णविवर सगळं शोषून घेतं या समजुतीची ही उत्तम कसोटी आहे.

चंद्रावर उभं राहून पाहिलं तर पृथ्वी उगवताना दिसेल का? चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, त्यामुळे तिथल्या आकाशात पृथ्वी जवळजवळ एकाच जागी टांगलेली दिसते, थोडीशी डोलते इतकंच. पलीकडच्या बाजूवरून ती कधीच दिसत नाही. त्या पलीकडच्या बाजूला ‘अंधारी’ म्हणणंही चूक, कारण ऊन दोन्ही बाजूंना सारखंच मिळतं. तिथला दिवस आपल्या सुमारे १४–१५ दिवसांचा असतो आणि रात्रही तेवढीच.

थोडं गणित चालत असेल तर शेवटचा प्रश्न : पृथ्वीच्या चौपट अंतरावरून सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहाला एक फेरी मारायला किती वर्षं लागतील? केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाइतका. ४ चा घन ६४, त्याचं वर्गमूळ ८. उत्तर ८ वर्षं. ‘४’ असं उत्तर आलं, तर दूरच्या ग्रहाचा मार्ग लांब असतो हे लक्षात आहे, पण त्याचा वेगही कमी असतो हे सुटलं आहे.

पायरी ५ : ‘हे कशावरून?’

आतापर्यंतच्या बरोबर उत्तरांपैकी कोणतीही पाच निवडा आणि प्रत्येकापुढे लिहा : हे माणसाला कळलं कसं? पुष्कळदा बरोबर उत्तर देणारा इथे अडतो, आणि अडला तर खंत करण्यासारखं काही नाही. खगोलशास्त्राची खरी गोडी याच प्रश्नात आहे, कारण इथे वस्तूला हात न लावता, केवळ तिच्या उजेडावरून जवळजवळ सगळं शोधून काढावं लागलं आहे.

पृथ्वी गोल आहे हे उपग्रहांच्या आधी कसं कळलं? चंद्रग्रहणात पडणारी तिची सावली प्रत्येक वेळी गोलच असते, आणि उत्तरेकडे जावं तसा ध्रुवतारा वर चढतो. ग्रह सूर्याभोवती फिरतात हे? गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले, म्हणजे सगळंच पृथ्वीभोवती फिरत नाही हे उघड झालं. त्याच सुमारास त्याला शुक्राच्या कला दिसल्या. शुक्र कोरीपासून जवळजवळ पूर्ण बिंबापर्यंत सगळ्या रूपांत दिसतो, ते तो सूर्याभोवती फिरत असेल तरच शक्य आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, याचा खोलीच्या आत दिसणारा पुरावा फुकोच्या लंबकाने १८५१ साली दिला.

प्रकाशाला वेग आहे हेही आकाशातूनच समजलं. गुरूचा आयो हा चंद्र ग्रहणात जाण्याच्या वेळा पृथ्वी गुरूपासून दूर असताना मागे पडतात, जवळ असताना पुढे येतात. ओले रोमर यांनी १६७६ साली याचं कारण ओळखलं : प्रकाशाला ते जादा अंतर कापायला वेळ लागतो. ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा खात्रीने मोजलं गेलं ते १८३८ साली. फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातला ‘६१ सिग्नी’ हा तारा पृथ्वीच्या वर्षभराच्या फिरण्यामुळे किती सरकलेला दिसतो ते मोजलं. सूर्यातले घटक वर्णपटातल्या रेषांवरून कळतात. १८६८ साली सूर्याच्या उजेडात ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याशी न जुळणारी पिवळी रेषा दिसली. तो हेलियम पुढे १८९५ साली विल्यम रॅमसे यांनी पृथ्वीवर वेगळा काढला. एखादं मूलद्रव्य घरी सापडण्याआधी १५ कोटी किलोमीटर दूर सापडावं, ही गोष्ट मुलांना सांगून पाहा, त्यांचे डोळे चमकतात.

पायरी ६ : खुल्या आकाशाखाली

कागदावरचं सगळं बरोबर आलं तरी ही पायरी टाळू नका. डोळे अंधाराला सरावायला २०–३० मिनिटं द्या. फोनचा पडदा पाहिला की ही मेहनत वाया जाते.

माप म्हणून हात वापरा. हात पूर्ण लांब केल्यावर करंगळी सुमारे १ अंश झाकते आणि मूठ सुमारे १० अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा आहे. क्षितिजाजवळचा ‘भला मोठा’ चंद्र करंगळीने मोजा, आणि तो वर आल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही वेळा करंगळीच मोठी ठरते. मोठेपणा आपल्या डोळ्यांना वाटतो, चंद्र तेवढाच असतो.

उत्तर गोलार्धात असाल तर ध्रुवतारा शोधा : सप्तर्षींच्या चौकटीतले टोकाचे दोन तारे जोडून ती रेघ साधारण पाचपट पुढे न्या. सप्तर्षी मावळलेले असतील तर शर्मिष्ठा तारकासमूहाचा आधार घ्या. ध्रुवतारा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना तो शोधताना चाचपडावं लागतं. प्रखरतेच्या क्रमात तो चाळिसाव्या क्रमांकाच्याही मागे आहे आणि पहिला मान व्याधाचा आहे. क्षितिजापासून ध्रुवाची उंची मुठीने मोजा. ती तुमच्या अक्षांशाइतकी भरायला हवी. दक्षिण गोलार्धात ध्रुवतारा दिसत नाही, तिथे त्रिशंकू तारकासमूहावरून दक्षिण दिशा काढतात.

मग दोन छोटे अंदाज लिहून ठेवा. आज चंद्र एखाद्या ताऱ्याशेजारी असेल, तर उद्या याच वेळी तो कुठे असेल? साधारण १३ अंश, म्हणजे सव्वा मूठ, पूर्वेला. आज रात्री १० वाजता उगवणारा तारा महिन्याभराने कधी उगवेल? ८ च्या सुमारास, कारण तारे रोज जवळजवळ ४ मिनिटं लवकर उगवतात. अंदाज तारखेसह लिहा आणि त्या दिवशी बाहेर येऊन ताडून पाहा. मृग नक्षत्र दिसत असेल तेव्हा त्यातल्या काक्षी या ताऱ्याचा तांबूस आणि राजन्य या ताऱ्याचा निळसर रंग पाहून, यांतला अधिक तप्त कोणता, हेही विचारा. निळसर राजन्य अधिक तप्त, नळाच्या खुणांवरच्या लाल-निळ्याच्या अगदी उलट.

सूर्याकडे मात्र कोणत्याही चाचणीसाठी थेट पाहू नका. दुर्बीण किंवा द्विनेत्री वापरून तर मुळीच नाही. डोळ्याला कायमची इजा होते.

पायरी ७ : गुण आणि चुकांचं वाचन

नाव किंवा आकडा बरोबर असेल तर १ गुण, चित्र किंवा अंदाज बरोबर असेल तर २, कारण किंवा पुरावाही देता आला तर ३. बेरीज झाली की ती बाजूला ठेवा आणि ‘ख’ लिहून चुकलेली उत्तरं वेगळी काढा. त्यांच्यात काही समान आहे का ते बघा. अष्टमीचा चंद्र, ग्रहण आणि चंद्रोदय असे तिन्ही प्रश्न चुकले असतील तर तीन गोष्टी शिकायच्या नाहीत, चेंडू-दिव्याचा प्रयोग एकदा नीट करायचा आहे. अंतराळ स्थानक आणि कृष्णविवर चुकलं असेल तर गुरुत्वाकर्षणाची बैठक कच्ची आहे.

दुसऱ्यांसाठी प्रश्न काढत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, चुकीचे पर्याय लोकांच्या खऱ्या गैरसमजांतून घ्या. ‘सर्वांत उष्ण ग्रह’ विचारताना बुध हा पर्याय हवाच, कारण तो सूर्याला सर्वांत जवळ आहे. उत्तर शुक्र आहे : दाट कार्बन डायऑक्साइडमुळे तिथलं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस राहतं, बुधाच्या रात्री मात्र ते शून्याखाली १८० पर्यंत उतरतं. पर्यायात नेपच्यून टाकून काही कळत नाही. दोन, जी उत्तरं बदलतात त्यांच्यापुढे साल लिहा. सर्वाधिक चंद्र कोणाचे, यात २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे होता, त्याच वर्षी शनीने त्याला मागे टाकलं आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या मान्य चंद्रांची संख्या २७४ झाली. ग्रह किती, या प्रश्नाचं उत्तरही २४ ऑगस्ट २००६ रोजी ९ वरून ८ वर आलं. प्लूटोने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला नाही, हे त्याचं कारण उत्तरात मागा.

पुन्हा चाचणी महिन्या-दीड महिन्याने घ्या, पण तेच प्रश्न तसेच ठेवू नका. मावळत्या सूर्याऐवजी उगवता सूर्य घ्या आणि अर्धा चंद्र कुठे दिसेल ते विचारा. पृथ्वीच्या चौपट अंतराऐवजी नऊपट घ्या. पृथ्वीचा आस अजिबात कललेला नसता तर दिवस-रात्र केवढे असते, ते विचारा. ऋतूंचं चित्र पुन्हा काढायचं, तेही यावेळी दक्षिण गोलार्धातल्या माणसाच्या बाजूने.